पाऊस बदलला, सरकारचे नियम कधी बदलतात?

तुमचा प्रश्न असा की वडील जालना जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतात, तुम्ही पुण्यात नोकरीला आहात, जूनचा पाऊस जुलैवर गेलाय, ऑगस्टमध्ये वीस-वीस दिवस उघडीप पडते आणि सोयाबीन काढायला आलं की धो धो कोसळतो, तर राज्य सरकार याच्यासाठी खरंच काही करतं का, की नुसते आराखडे छापतं. मी २२ वर्षं मराठवाड्यात पाणलोट आणि कोरडवाहू शेतीच्या कामात आहे, सरकारी प्रकल्पांच्या टीममध्ये बसूनही काम केलंय आणि बाहेर राहूनही, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगते. उत्तर थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, शेती आणि पाणी हे दोन्ही आपल्या घटनेप्रमाणे राज्याचे विषय आहेत. दिल्लीत कितीही परिषदा झाल्या तरी वडिलांच्या बांधावर जे पोचतं ते मुंबई, जिल्हा, तालुका, मंडळ या रस्त्यानेच पोचतं. केंद्राने २००८ साली राष्ट्रीय कृती आराखडा आणला, मग प्रत्येक राज्याला सांगितलं तुमचा तुमचा करा. महाराष्ट्राने टेरी या संस्थेकडून अभ्यास करून घेतला, इंग्लंडचं हवामान खातं पण त्यात होतं, २०१४ साली अहवाल आला, त्यात जिल्ह्यांची जोखीम काढली होती आणि सगळ्यात वर नंदुरबार होता. पुढे तर पर्यावरण विभागाचं नावच बदलून पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग केलं. हे सगळं कागदावर आहे आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही, कारण त्या अहवालामुळे निदान मंत्रालयात पाऊस आता पूर्वीसारखा नाही हे लेखी मान्य झालं. पण गावात काम करताना त्या अहवालाचं पान कुणी उघडलेलं मी बघितलं नाही.

मग मी काय बघते? मी बघते की पाऊस बदलला तसा सरकारचा कुठला नियम बदलला. नियम म्हणजे साध्या गोष्टी, पाऊस कुठे मोजायचा, दुष्काळ कधी म्हणायचा, पैसा कशावर द्यायचा, कामाची हद्द गावाची धरायची की ओढ्याची. बंधारा बांधला, तळं खोदलं, झाडं लावली हे सगळं पूर्वीही चालायचंच, १९७२ च्या दुष्काळातही चाललं होतं, त्याला आज हवामान बदलाचं लेबल लावून काही होत नाही. नियम बदलला की मात्र हजारो गावांत एकदम फरक पडतो, आणि चुकीचा नियम तसाच राहिला की हजारो गावांत एकदम नुकसान होतं.

दुष्काळाचंच घ्या. पूर्वी पैसेवारी होती, म्हणजे नेहमीचं पीक रुपयाभर धरलं तर यंदा किती पैसे आलं त्याचा अंदाज, वडिलांना विचारा, ते आणेवारी म्हणतील. ५० पैशांच्या आत आलं तर दुष्काळ, आणि अंतिम पैसेवारी येईपर्यंत डिसेंबर उजाडायचा, तोवर जनावरं बाजारात गेलेली असायची आणि माणसं ऊसतोडीला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. केंद्राने २०१६ ला नवीन दुष्काळ संहिता आणली, महाराष्ट्राने ती पुढच्या वर्षी लागू केली. आता पावसाची तूट आणि उघडीप हा पहिला ट्रिगर, म्हणजे पहिली कसोटी, मग पेरणी, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकाची हिरवळ, भूजल हा दुसरा, मग काही गावांत प्रत्यक्ष पाहणी, आणि ऑक्टोबरअखेर निर्णय. २०१८ ला ३१ ऑक्टोबरला १५१ तालुके जाहीर झाले, म्हणजे डिसेंबरची वाट बघावी लागली नाही, हा चांगला बदल. पण याच संहितेचा एक जाच पण होता, युनिट तालुका. ऑगस्ट २०२३ आठवा, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, त्या वर्षी ट्रिगरमध्ये बसले फक्त ४० तालुके. तालुक्याच्या एका टोकाला बरा पाऊस आणि दुसऱ्या टोकाला धूळ, सरासरी काढली की तालुका पास. मग इतकी ओरड झाली की राज्याने स्वतःच्या अधिकारात हजारेक महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली आणि तिथे सवलती दिल्या. केंद्राची मदत त्याला जोडलेली नव्हती, सवलतीही मर्यादित होत्या, पण मला ती गोष्ट महत्त्वाची वाटते कारण राज्याने मान्य केलं की आता पाऊस तालुक्याच्या मापात बसत नाही. जुळवून घेणं म्हणतात ते हेच, उशिरा आणि अर्धवट का होईना.

आता मंडळ म्हणजे तरी केवढं, तेही बघा. राज्यात दोन हजारांवर महसुली मंडळं आहेत आणि ग्रामपंचायती २७-२८ हजार, म्हणजे एका मंडळात सरासरी बारा-तेरा ग्रामपंचायती. महावेध प्रकल्पातून मंडळामंडळात स्वयंचलित हवामान केंद्रं बसली हे फार मोठं काम झालं, त्याआधी तहसील ऑफिसच्या आवारातलं एक नरसाळं आणि काचेचं मापपात्र यावर अख्ख्या तालुक्याचं नशीब ठरायचं. पण अतिवृष्टीचा नियम काय, मंडळातल्या केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला तरच अतिवृष्टी. आता माझ्यासमोर घडलेलं सांगते. एका गावात आम्ही पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, कपाशी झोपलेली, बांध फुटलेले, शेतातून बैलगाडी जाईल एवढी घळ पडलेली. एका शेतकऱ्याने आदल्या संध्याकाळी अंगणात सरळ भिंतीचा पत्र्याचा डबा ठेवला होता, त्यात काठी बुडवून त्याने ओल्याची खूण केलेली, आम्ही टेप लावला तर ९० मिलिमीटरच्या वर. आणि मंडळाच्या केंद्रावर आकडा ५८. केंद्र आठ-नऊ किलोमीटरवर, मधे डोंगराची सोंड. तो माणूस मला म्हणाला, "मॅडम, तुमच्या मशीनीत पडला न्हाई म्हून माझ्या वावरात पडलाच न्हाई का?" माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. पंचनाम्यासाठी आम्ही अर्ज केला, फोटो जोडले, पाठपुरावा केला, ज्या कार्यालयात ते ठरणार होतं तिथे आकडा ५८ हा आकडा ५८ च राहिला. त्यानंतर एकदा ते केंद्र बघायला मी मुद्दाम गेले तर बाजूला सुबाभूळ वाढलेली आणि फांदी अगदी पर्जन्यमापकाकडे झुकलेली. फांदी छाटायला दहा मिनिटं लागतात हो, पण ती कुणी छाटायची हे कुठल्याच कागदावर नव्हतं. म्हणून ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायच्या केंद्राच्या विंड्स योजनेकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष आहे, आणि बसवण्यापेक्षा देखभाल कोण करणार याच्याकडे तर दुप्पट.

जलयुक्त शिवार, म्हणजे गावोगाव पाणी अडवायचं राज्याचं अभियान, त्याबद्दल तुम्ही विचारलंय की ते फसलं का. याचं एका शब्दात उत्तर देणारे लोक दोन्ही बाजूंनी खूप आहेत, मी देत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं, दर वर्षी ५ हजार गावं आणि २०१९ पर्यंत दुष्काळमुक्त महाराष्ट्र असं ध्येय होतं. मधेच २०१६ आलं, एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, तीन-साडेतीनशे किलोमीटर. त्या काळात कामं मात्र झपाट्याने झाली, ओढ्यांत जेसीबी उतरले, लोकवर्गणी निघाली, लोकांचा उत्साह खरा होता, मी स्वतः त्या उन्हात उभी होते. २०२० मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेचा, अहवाल आला, ९,६३३ कोटी खर्च झाला आणि भूजल पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसत नाही असं त्यात म्हटलं. माझ्या अनुभवात चूक बंधाऱ्यांत नव्हती, क्रमात होती. पाणलोटाचा, म्हणजे एका ओढ्याला पाणी येतं त्या सगळ्या भागाचा, साधा नियम आहे माथा ते पायथा, आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे खणलेले चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, मग वरच्या ओघळीत लहान दगडी बांध आणि सगळ्यात शेवटी खाली सिमेंट नाला बांध. पण नाला खोलीकरणाचं मोजमाप सोपं, बिल पटकन निघतं, फोटो चांगला येतो, म्हणून काम पायथ्यापासून सुरू झालं. काही ठिकाणी मुरूम ओलांडून खालच्या खडकापर्यंत खोदलं, म्हणजे पाणी मुरायचा थरच काढून टाकला, आणि वरून माती येऊन दोन पावसाळ्यांत तो खड्डा परत भरला. आणि दुसरी गोष्ट, पाणी किती साठवलं याचा हिशोब टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरच्या मापात, रोज वर पाठवला जायचा, पण उपसलं किती याचा रकाना जवळपास कुठेच नव्हता. बंधाऱ्यात पाणी दिसलं की शेजारी नवीन बोअर पडतं, मोसंबीचा बाग वाढतो, ऊस येतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

हा रकाना ज्या प्रकल्पात पहिल्यांदा नीट आला तो पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. २०१८ ला सुरू झाला, जागतिक बँकेचं कर्ज, एकूण ४ हजार कोटींच्या आसपास, मराठवाड्याचे आठ, विदर्भातले सहा आणि जळगाव असे १५ जिल्हे, ५,१४२ गावं. आता दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांत आहे. जालना पहिल्यापासून आहे, त्यामुळे वडिलांचं गाव त्यात आहे का ते आधी तपासा. यात आयआयटी मुंबईच्या लोकांनी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत बसवून दिली, आणि मला विचाराल तर एवढ्या सगळ्या खर्चातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

ताळेबंद म्हणजे काय ते सांगते, कारण हे तुम्ही घरी बसून पण करू शकता. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. समजा गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ७०० मिलिमीटर, तर गावावर पडलं ७०० कोटी लिटर. हा आकडा ऐकला की सभेत सगळे एकमेकांकडे बघतात, एवढं पाणी आपल्या गावात पडतं? मग वजाबाकी सुरू होते. पिकं आणि गवत जमिनीतली ओल पितात, बरंच उन्हाने उडतं, ओढ्याने वाहून जातं ते वेगळं, आणि आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात विहिरींना कामी येईल असं खाली मुरतं ते पावसाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, जमीन बघून कुठे कमी कुठे जास्त. म्हणजे साधारण ७० कोटी लिटर. त्यातून माणसांचं पिणं, जनावरांचं पिणं, आणि उरलेल्यात रब्बी. गव्हाला पाच-सहा पाण्याच्या पाळ्या, हरभऱ्याला एक-दोन, शाळू ज्वारी चांगल्या जमिनीत ओलीवरच निघते. मोसंबीला तर उन्हाळाभर पाणी लागतं. हे सगळं रकान्यात मांडलं की तूट आपोआप दिसते, कुणी कुणाला शिकवायला लागत नाही.

जालन्यातल्याच एका गावात मारुतीच्या पारासमोर आम्ही हे केलं होतं, खडूने शाळेच्या भिंतीवर. पावसाचा आकडा लिहिला तोवर सगळे शांत होते. मग एकेका विहिरीची नावं घेत उपसा लिहायला लागलो तेव्हा गडबड सुरू झाली, कारण कुणाची मोटर किती तास चालते हे पहिल्यांदाच भिंतीवर आलं. एक तात्या होते, सत्तरीचे, गावातली सगळ्यात जुनी विहीर त्यांची, ते उठले आणि म्हणाले, "माझ्या इहिरीचं पाणी पूर्वी पाडव्यापर्यंत राह्याचं, आता संक्रांतीला तळ दिसतोय, ते कुठं गेलं ते आज भिताडावर दिसलं." एवढं बोलून बसले. शेजारच्या बागवाल्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण तो तिथेच बसलेला होता, खाली बघत होता. त्या वर्षी गावाने ठरवलं की गहू कमी करायचा आणि हरभरा वाढवायचा, आणि जानेवारीनंतर नवीन बोअर घ्यायचा नाही. पहिलं बऱ्यापैकी पाळलं गेलं. दुसरं दोन जणांनी मोडलं. पण पुढच्या ऑक्टोबरात गावच म्हणालं की मॅडम भिंत रंगवायच्या आधी या, हिशोब करू. मला एवढ्या वर्षांत यापेक्षा मोठी पावती मिळालेली नाही.

मात्र याच प्रकल्पात एक अडचण मी सतत बघितली आणि ती तुम्हालाही दिसेल. ठिबक, तुषार, फळबाग, शेडनेट, हे वैयक्तिक लाभ, ऑनलाइन अर्ज करायचा, अनुदान थेट खात्यात, त्यामुळे मागणी भरपूर आणि काम वेगात. माथ्यावरचे चर, ओघळीतले दगडी बांध हे सगळ्यांचं काम, त्याला अर्ज कोण करणार? ज्याच्याकडे आधीच विहीर आहे तोच ठिबक मागू शकतो, कोरडवाहू माणसाला ठिबक घेऊन काय करायचं. म्हणजे हवामानाचा सगळ्यात जास्त मार ज्याला, त्याला योजनेत मागायलाच काही नसतं. पोर्टल कितीही चांगलं केलं तरी हे सुटत नाही, त्यासाठी सामूहिक कामाचं उद्दिष्ट आधी आणि वैयक्तिक लाभ मागून असा नियमच लागतो. मी प्रत्येक बैठकीत हे बोलत आलेय आणि बोलत राहणार.

शेततळ्याबद्दल पण सांगते कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. मागेल त्याला शेततळे ही योजना २०१६ ची. तुमच्या भागात शेततळं म्हणजे काय होतं, मोठा खड्डा, आत प्लास्टिकचं अस्तर, आणि पावसाने भरायचं सोडून विहिरीतून, बोअरमधून उपसून भरतात. म्हणजे जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात ठेवलं, आणि उन्हाळ्यात त्यातलं कितीतरी नुसतं वाफ होऊन गेलं. सरकारी यादीत मात्र ते हवामान अनुकूल काम म्हणून मोजलं जातं. आणि हेच शेततळं अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अक्षरशः वरदान आहे. तिथे खालचं पाणी खारट, पिकाला देता येत नाही, विहीर खणून उपयोग नाही, आणि जमीन इतकी चिकण की अस्तराशिवायही पाणी धरून ठेवते. पावसाचं पाणी तळ्यात अडवलं आणि ऑगस्टच्या उघडिपीत कपाशीला, तुरीला एक पाणी दिलं की पीक हाती लागतं. पोकरात त्या पट्ट्यातली ९३२ गावं वेगळी घेतली होती आणि ते बरोबर केलं. म्हणजे शेततळं चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा, त्यात पाणी आकाशातून येतंय की जमिनीतून, एवढं एकच विचारायचं. अनुदानाच्या अर्जावर हा एक रकाना टाकायला काय हरकत आहे?

पेरणीचं थोडक्यात. बीबीएफ म्हणजे रुंद वरंब्यावर सोयाबीनच्या ओळी आणि दोन्ही बाजूंना सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते, म्हणजे दोन्हीकडच्या माराला एकच उपाय, आणि पैसा जवळपास लागत नाही. कृषी विभागाने याचा प्रसार मनापासून केलाय. अडचण येते ती मशीनची. गावात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, असलेले दिवस मिळतात चार-पाच, बीबीएफ यंत्रं दोन, आणि ट्रॅक्टरवाल्याला सेटिंग बदलायला वेळ नसतो. मी एकदा चिखलात बसून पाना घेऊन फाळांचं अंतर लावून दिलंय, ट्रॅक्टरवाला घाईला आलेला, पण त्या शेताचं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात उभं राहिलं आणि शेजारचं पिवळं पडून बसलं, मग पुढच्या वर्षी तोच ट्रॅक्टरवाला इतरांना सांगत होता.

आणि आकस्मिक आराखडा म्हणून एक प्रकार असतो, प्रत्येक जिल्ह्याचा आहे, पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरायचं, चार आठवडे, सहा आठवडे. चांगला केलाय, शास्त्रशुद्ध आहे. पण जुलैच्या मध्यावर तो म्हणतो की आता मूग-उडीद नको, बाजरी घ्या, सूर्यफूल घ्या, लवकर येणारी तूर घ्या, आणि दुकानात गेलात तर बियाणं फक्त सोयाबीन आणि कपाशीचं, कारण दुकानदाराने माल उन्हाळ्यातच उचललेला असतो. तुमच्या जिल्ह्यात बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे, बीडीएन ७११ ही लवकर येणारी तूर तिथलीच, उशिराच्या उघडिपीतून सुटते, आणि तरी बदनापूरपासून पन्नास किलोमीटरवरच्या गावात ऐन वेळी तिचं बियाणं मिळत नाही हे मी बघितलंय. आराखड्यातल्या पिकाचं थोडं बियाणं तालुक्याला राखीव ठेवायचं एवढा एक नियम झाला तर त्या पुस्तकात जीव येईल.

पैशाचं बोलल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांसाठी आपत्तीचा जो निधी ठरवला त्यात ८० टक्के आपत्ती आल्यावरच्या मदतीला आणि २० टक्के आपत्ती सौम्य करण्याला. हा २० टक्क्यांचा वेगळा भाग तरी पहिल्यांदाच आला, ते चांगलं झालं. पण सप्टेंबर २०२५ आठवा. मराठवाड्यात, सोलापुरात, सीना नदीच्या काठाला, धाराशिवला काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल, मी भूम-परांड्याकडे गेले होते, तिथे शेतात पीक गेल्याचं दुःख नव्हतंच, माती गेली होती. खाली नुसता मुरूम आणि गोटे. ऑक्टोबरमध्ये राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची तरतूद होती. मदत द्यायलाच हवी, त्याबद्दल माझं दुमत नाही, त्या माणसांचे चेहरे बघून कुणाचंही होणार नाही. पण आकडे शेजारी ठेवून बघा, पोकराचा पहिला टप्पा काही वर्षांत मिळून ४ हजार कोटी, आणि एका पावसाळ्याचं पॅकेज त्याच्या जवळपास आठपट. माथ्यावर चर आणि उतारावर बांध असते तर सगळी माती वाचली असती असं मी म्हणणार नाही, नदीकाठी तर नाहीच नाही, पण वरच्या उताराची बरीच वाचली असती, आणि एकदा गेलेली काळी माती परत आणायला गाळ वाहून टाकला तरी वर्षानुवर्षं लागतात.

पीकविम्यात पण नियमांचा असाच खेळ झालाय. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, २०२५ ला तो बंद झाला आणि खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता परत आला, त्याच वेळी स्थानिक आपत्ती आणि हंगामातली प्रतिकूल परिस्थिती हे ट्रिगर काढून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या काही शेतांतलं पीक कापून काढलेल्या सरासरीवर, आणली. बोगस अर्ज फार झाले होते हे खरं आहे. पण पाऊस जितका तुकड्यातुकड्यात पडायला लागलाय तितका विमा पण तुकड्याचा हवा, तो उलट मंडळाच्या सरासरीवर गेला. डबा ठेवणारा तो शेतकरी इथेही बाहेर राहिला.

तर तुम्ही आता काय करू शकता. पुण्यात बसून फोनवर होतील अशी दोन-तीन कामं आहेत. ग्रामपंचायतीला विचारा की गाव पोकराच्या कुठल्या टप्प्यात आहे आणि असेल तर ग्राम कृषी संजीवनी समिती कोण आहे, गावाचा सूक्ष्म आराखडा कुठे आहे, तो बघायचा तुम्हाला हक्क आहे. वडिलांना सांगा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढू नका, पहिल्या सरीला भुलून पेरलं की दुबार पेरणी ठरलेली, आणि अंगणात उघड्यावर, झाडापासून लांब, एक साधा पर्जन्यमापक लावा, तोटीचा नको, सरळ भिंतीचा, रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत लिहायचा. सरकारी नोंदही त्याच वेळेची असते म्हणून साडेआठ. ती वही कायद्याने पुरावा ठरेल न ठरेल, पण चार गावांच्या अशा वह्या एकत्र करून तहसीलला नेल्या तेव्हा एका मंडळात केंद्राची जागा बदलायची चर्चा तरी सुरू झाली, हे मी स्वतः केलंय.

आणि विहिरीच्या काठावर रंगाने खूण करून दोरीला दगड बांधून पाण्याची खोली वर्षातून दोनदा मोजायला सांगा, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा. ऑक्टोबरची खोली हातात असली की गहू घ्यायचा की हरभरा हे वडील तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा बरोबर ठरवतील. गावाचं नाव आणि पाणलोट क्रमांक मिळाला तर मला कळवा, आकडेमोड कशी मांडायची ते मी फोनवर समजावून सांगेन, भिंत आणि खडू तुम्ही बघा.